हिरव्या वायरचं दुसरं टोक

अंधेरीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी बावीस वर्षं सोल्डरिंग केलं. लांबलचक टेबलावर आम्ही चौदा जणी बसायचो. समोर सर्किट बोर्ड आला की मी त्याच्यावर नऊ जोड द्यायचे आणि तो पुढे सरकवायचे. पुढे तो कशात बसायचा, कोणाच्या घरात जायचा, हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी सुटताना मात्र गेटवर आमच्या पर्स उघडून बघायचे, जेवणाचा डबासुद्धा. कोणी सोल्डरची तार नेत नाही ना, म्हणून. सुरुवातीला अपमान वाटायचा, मग सवय झाली. आणि नकळत मलाही तीच नजर लागली. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचं मीटर, दुधाच्या पिशवीवरची तारीख, सगळ्याकडे मी त्या गेटवरच्या बाईसारखी बघायला लागले.

कंपनी बंद झाली तेव्हा आम्ही लालबागची खोली सोडून मिरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो होतो. घरी बसून वर्षभरात मला एकच गोष्ट खुपायला लागली. इतके लाखो जोड दिले, पण पूर्ण अशी वस्तू एकही केली नाही. म्हणून ठरवलं, गाणी ऐकायचा ॲम्प्लिफायर आपण स्वतः करायचा, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या वायरपर्यंत.

मिस्टर म्हणाले, "विकत मिळतो की."

"मिळतो. पण तो मी केलेला नसतो."

ॲम्प्लिफायरचा बोर्ड लावायला मला आठवडा लागला. अडलं ते पॉवर सप्लायपाशी. भिंतीतल्या सॉकेटमधून दोनशे तीस व्होल्ट येतात. माझ्या बोर्डाला हवे होते पंचवीस-पंचवीसचे दोन. ते कमी करायला ट्रान्सफॉर्मर, मग डायोडचा ब्रिज, आणि उरलेली थरथर शोषून घ्यायला दोन मोठे कपॅसिटर. ब्रिज आणि कपॅसिटर बाजारात मिळाले. ट्रान्सफॉर्मर मला हवा तसा मिळेना. आत तारेच्या दोन वाइंडिंग, म्हणजे गुंडाळ्या असतात, त्यांच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक थर मला पाहिजे होता, म्हणजे लाइनमधली खरखर गाण्यात उतरत नाही. त्या पत्र्याला एक वायर जोडून बाहेर काढायची आणि अर्थिंगला लावायची. असं काम कोणी मुद्दाम करून दिलं तरच.

बिल्डिंगच्या पंपाची जळलेली मोटर नवी तार गुंडाळून भरून देणारा एक माणूस काशीगावात होता, त्याचा पत्ता वॉचमनने दिला. हायवेच्या अलीकडच्या गल्लीत एक गाळा. आत साठीच्या पुढचा एक काळासावळा, रुंद हातांचा माणूस हाताने फिरवायच्या मशीनवर तार गुंडाळत होता. दारात त्याची बायको खाली बसून कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापत होती. ती दोघं समुद्रकाठच्या तारोडी गावची. पूर्वी तो बोटींचे डायनॅमो भरायचा, आता रोज बसने इथे येत होता.

मी माझा कागद पुढे केला. व्होल्ट, अँपिअर, पत्र्याचा थर, सगळं मी स्वच्छ अक्षरात लिहून नेलं होतं.

त्याने कागदाकडे न बघता माझ्या मागे बघितलं. "सायेब न्हाय आले?"

"कुठले साहेब?"

"ज्यांचा काम हाय ते."

"काम माझं आहे."

"बरा," तो म्हणाला आणि माझा कागद न वाचताच तेलाच्या डब्याखाली सरकवला. "आठ दिसांनी या."

तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. न वाचता हा करणार काय? आणि बाईमाणूस बघून काय काय गाळणार? परत येताना रिक्षात मी मनातल्या मनात यादी करत होते. तार पातळ वापरेल. वेढे कमी देईल. पत्रा तर घालणारच नाही, कारण तो आत असतो, वरून कोणाला दिसतो?

आठ दिवसांनी ट्रान्सफॉर्मर तयार होता. जड, चौकोनी, वर पिवळी टेप घट्ट गुंडाळलेली. बाजूने सगळ्या वायरी निघालेल्या, त्यात एक हिरवी. मी विचारलं, "ही पत्र्याची का?"

"तीच."

हिरवी वायर टेपच्या आत जात होती. तिचं दुसरं टोक पत्र्याला जोडलंय की नुसतंच आत खुपसलंय, हे कळायला मार्ग नव्हता. पत्रा आतल्या कुठल्याच तारेला मिळालेला नसतो, त्यामुळे माझ्या साध्या मीटरवर काही दिसत नाही. मी ट्रान्सफॉर्मर उजेडात धरला. ज्या लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर तो बसवलेला असतो, त्यांच्या एका कडेला मला गंजाची बारीक रेघ दिसली. म्हणजे पत्र्या जुन्या. ती रेघ मी लक्षात ठेवली.

घरी हॉलमधल्या टेबलावर दोन दिवस बसून मी सप्लाय जोडली. सगळ्या वायरी सरळ, काटकोनात वळवलेल्या, एकीवर एक कुठे नाही. पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये सिरीज बल्ब लावला. काही शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वस्तू वाचते. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. म्हणजे सगळं ठीक. व्होल्टेज बरोबर आलं. मग बल्ब काढला, स्पीकर लावले, स्विच टाकला.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज आला. बंद दारामागे कोणी मिक्सर चालवावा तसा. गाणं लावलं तर गाण्याच्या मागेही तो होताच.

पहिला संशय मी मिस्टरांवर घेतला. मी मार्केटला गेले असताना त्यांनी टेबल पुसलं होतं.

"तुम्ही वायरी हलवल्यात का?"

"मी फक्त फडकं मारलं."

"कुठे कुठे मारलं?"

"अगं, आता फडक्याचाही जबाब देऊ का?" ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

मग समोरच्या भाभींवर. त्या मूळच्या राजकोटच्या, आमच्यात बोलणं हिंदीतच. त्यांनी नवी इलेक्ट्रिक शेगडी घेतली होती. मला वाटलं, तिच्यामुळेच लाइन खराब होत असणार. मी बेल वाजवून विचारलं, "भाभी, आपकी सिगड़ी अभी चालू है क्या?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "क्यों? आपके घर से चार दिन से जलने की बास आ रही है, मैंने कुछ पूछा?"

सोल्डरचा वास त्यांच्यापर्यंत गेला होता तर. त्यांनी शेगडी बंद केली, आवाज तसाच राहिला. मग एकच माणूस उरला. ती हिरवी वायर मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. माझ्या स्वतःच्या जोडांकडे मी बघितलंच नाही. बावीस वर्षांत तपासणीत माझा एक जोड परत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सफॉर्मर काढून पिशवीत घातला आणि काशीगाव गाठलं.

"हा आवाज करतो," मी तो त्याच्या टेबलावर ठेवला.

त्याने कान लावल्यासारखं केलं. "हा करतो?"

"स्पीकरमधून येतो. आत पत्रा नाहीये."

"हाय."

"आणि या पत्र्या जुन्या आहेत. ही बघा गंजाची रेघ."

"जुन्याच हायत," तो शांतपणे म्हणाला. "मी कवा न्हाय बोललो? नव्यापेक्षा ह्या बऱ्या. तुमी इचारला असता तर सांगितला असता."

इतक्या सहज कबूल झाला, म्हणून माझा संशय आणखी वाढला. जुन्यांचं कबूल करतोय म्हणजे त्याहून मोठं काहीतरी लपवतोय.

"मला आत पत्रा दिसला पाहिजे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. दारातल्या बाईची कात्री थांबली.

"उघडू?"

"उघडा."

"पुन्ना व्हायचा न्हाय हा, ताई."

"उघडा म्हटलं ना."

त्याने पत्र्या आवळून धरणारा क्लॅम्प सोडला. पत्र्यांच्या कडेला लाकडी ठोकळ्याने हलके ठोके दिले आणि एकेक पत्री ओढून काढायला सुरुवात केली. घाई नाही, राग नाही. टेबलावर पत्र्यांची चळत झाली. मग ब्लेडने पिवळी टेप कापली, आणि तांब्याची जाड तार उलट फिरवत जमिनीवर सोडायला लागला. तार खाली पडताना तिची वेटोळी होत होती. कागदाचे थर निघाले. आणि कागदाखाली पत्रा दिसला. लालसर, सपाट, दोन्ही कडांना कागद दुमडून बसवलेला, टोकं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागदाची घडी. माझ्या कागदावर मी काढलं होतं अगदी तसं.

पत्र्यावर हिरव्या वायरचा जोड होता. मी वाकून बघितला. गुळगुळीत, चमकदार, कडेला पाणी पसरावं तसा बेताने पसरलेला. असा जोड आमच्या टेबलावर दोघी-तिघींना यायचा. मला यायचा, पण रोज नाही.

"हा जोड तुम्ही दिला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने हनुवटीने दाराकडे दाखवलं. "हिनं."

ती बाई खाली बघून पुन्हा पट्ट्या कापत होती. तिच्या शेजारी जमिनीवर सोल्डरिंग आयर्न एका विटेवर टेकवलेलं होतं. तिन्ही वेळा मी तिला ओलांडून आत गेले होते आणि ते आयर्न मला दिसलं नव्हतं. सायेब न्हाय आले, असं त्याने विचारलं म्हणून मला केवढा राग आला होता. मी तरी काय केलं होतं?

"बास," मी म्हणाले, "दिसला पत्रा. राहू द्या."

"आता पुढचा बी बगा." तो थांबेना. पत्रा काढून बाजूला ठेवला आणि खालची बारीक तार ओढायला लागला. ती मोजून सहाशेच्या वर वेढ्यांची होती. ती सगळी निघेपर्यंत मी तिथे उभी राहिले. शेवटी ज्यावर तार गुंडाळतात तो बॉबिन, आता रिकामा, त्याने माझ्या हातात दिला.

"काय सापडला?"

मी रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडले.

घरी आले तर मिस्टरांनी भात लावून ठेवला होता. मी काय घडलं ते सांगितलं. ते मला रागावतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त विचारलं, "मग आवाज कशाचा होता?"

जेवण तसंच राहिलं. मी टेबलावर बसले आणि पहिल्यांदा माझंच काम दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं बघितलं. कागदावर सर्किट पुन्हा काढलं, एकेका वायरवर बोट ठेवत गेले. तासाभराने बोट एका जागी थांबलं.

ब्रिजकडून कपॅसिटरकडे जाणारी जी मधली वायर, तिच्यातूनच मी ॲम्प्लिफायरच्या बोर्डाची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची वायर, काढली होती. कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा धक्क्याने भरतात. तो धक्का त्याच वायरवरून जातो. तो प्रत्येक धक्का मी माझ्या हाताने गाण्यात नेऊन सोडला होता. ती ग्राउंड कपॅसिटरच्या पलीकडून, वेगळ्या जागेवरून घ्यायला हवी होती. मग मी अशी का घेतली? कारण ती वायर तिथून आखूड आणि सरळ जात होती. दिसायला छान दिसत होती.

जोड उत्तम होता. फक्त चुकीच्या जागी होता.

मी वायर बदलली, पण खात्री करायला ट्रान्सफॉर्मर नव्हता. दुसरा कारागीर शोधावा असा विचार दोन दिवस मनात घोळला. भाईंदरला एक आहे असं ऐकलंही. पण मग मला आयुष्यभर त्या गल्लीतून जायची चोरी झाली असती. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा काशीगावला गेले.

मला बघून त्याने मशीन थांबवलं. "आता काय आनला?"

"चूक माझी होती," मी म्हणाले. "वायर मी चुकीच्या जागी लावली होती. तुमच्या कामात काही खोट नव्हती."

त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "मना कसा कळंल हे खरा हाय ते? काय तरी काम असंल म्हनून बोलत असाल."

मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला काम होतंच. "मला पुन्हा ट्रान्सफॉर्मर पाहिजे," मी सांगून टाकलं.

"न्हाय. ज्याला भरोसा न्हाय त्याचा काम मी न्हाय करत."

तेवढ्यात दारातली बाई पहिल्यांदा बोलली, त्याच्याशी नव्हे, माझ्याशी. "बाय, तू बसशील का हितं दिसभर? तुज्या डोल्यादेखत करंल तो. मंग बोलू नको आत काय हाय म्हनून."

त्याने मान फिरवली, पण नाही म्हणाला नाही. कोपऱ्यातला स्टूल पायाने माझ्याकडे सरकवला.

"मोजा तुमी," तो म्हणाला.

सकाळी दहाला सुरू झालं. त्याने बॉबिन मशीनवर चढवला, तारेचं टोक बसवलं आणि हँडल फिरवायला लागला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावरून तार जात होती, तिथे कातडीत खोल चर पडला होता. एक थर झाला की कागद, मग दुसरा थर. मी मनात मोजत होते. मशीनला लहानसा काउंटरही होता, पण तो त्याच्या बाजूला, मला दिसत नव्हता. मधे बाईने चहा ठेवला, मी कपाकडे बघितलंही नाही.

शेवटच्या थराला तो थांबला. "किती जाले?"

"सहाशे चाळीस."

त्याने काउंटर माझ्याकडे वळवला. सहाशे अडतीस.

"तुमचा काउंटर दोन खातोय," मी लगेच म्हणाले. "माझा एकही वेढा चुकलेला नाही."

"दहा वरसांत न्हाय खाल्ला."

"आज खाल्ला असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, हँडल उलटं पकडलं आणि म्हणाला, "मंग पयल्यापासून." खरंच उलट फिरवायला लागला. दोन वेढे सुटले, तीन, चार. दोन तासांचं काम. त्याच्या बोटावरच्या चरात तार उलटी सरकत होती आणि त्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नव्हता. मला त्या गेटवरची बाई आठवली. ती आमचे डबे उघडायची तेव्हा आमचेही चेहरे असेच व्हायचे.

"थांबा," मी म्हणाले. "तुमचा आकडा धरा."

"कशाला? तुमचा बरोबर असंल."

"असेलही. पण तुमचा धरा."

त्याने हँडल सरळ पकडलं. मग सुटलेले चार वेढे पुन्हा भरले, त्यावर आणखी दोन दिले, म्हणजे काउंटरवरही सहाशे चाळीस. "दोन वेढ्यांनी काय न्हाय व्हत," तो पुटपुटला. दारातली बाई हसली.

पत्र्याची वेळ आली तेव्हा तिने स्वतः पत्रा कापला, कडा मोडल्या. मग हिरवी वायर आणि सोल्डरिंग आयर्न माझ्यापुढे धरलं. "तू लाव. सोल्डरचा काम करायचीस ना? वाकून बघत व्हतीस तवाच कललं."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि जोड दिला. तिने तो तिरपा करून उजेडात बघितला. "जरा जास्ती लावला," ती म्हणाली. बावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी जोड उकलून पुन्हा दिला. दुसऱ्या वेळी तिने मान हलवली.

चार वाजता ट्रान्सफॉर्मर झाला. निघताना मी दोघांना म्हटलं, "घरी ऐकायला या एकदा."

"बगू," तो म्हणाला. येणार नाहीत हे आम्हा तिघांनाही कळलं. अजून आले नाहीत. पण मध्ये एका रविवारी मी ॲम्प्लिफायरच रिक्षात घालून तिकडे नेला. त्याने गाणं लावू दिलं नाही. नुसता स्विच टाकायला लावला आणि स्पीकरला कान लावून बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हाय थोडा." मला वाटलं, मुद्दाम म्हणतोय, सूड उगवतोय. घरी येऊन पंखा बंद करून मी कान अगदी जाळीला लावला. होता. मुंगी चालावी इतका, पण होता. आतली एक वायर ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळून जात होती. ती बोटभर दूर सरकवली, तेव्हा गेला.

पण पहिल्यांदा तो ॲम्प्लिफायर नीट वाजला ती संध्याकाळ त्याच्या आधीची, ट्रान्सफॉर्मर आणला त्याच दिवसाची. सिरीज बल्ब लावला, मंद झाला, काढला. स्विच टाकला. स्पीकरमधून काही आलं नाही, म्हणून मिस्टर म्हणाले, "बंद पडला वाटतं." मी गाणं सुरू केलं. तंबोरा लागला, आणि गाणारीने सूर लावायच्या आधी श्वास घेतला तो आम्हा दोघांना ऐकू आला. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून स्पीकरच्या समोर घेतली.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात समोरच्या भाभी. मला वाटलं, आता वासाबद्दल किंवा आवाजाबद्दल काहीतरी येणार. मी आधीच म्हणाले, "कम करती हूँ, भाभी."

"नहीं नहीं," त्या आत डोकावत म्हणाल्या. "मुझे लगा आपके यहाँ कोई बाई गाने आई है."

त्यांना खरं वाटेना. आत येऊन त्यांनी स्पीकरच्या मागे बघितलं, टेबलाखाली बघितलं, मग माझ्याकडे. "ये आपने बनाया? अकेले?"

"अकेले नहीं," मी म्हणाले.

त्या सोफ्यावर बसल्या. मिस्टर चहा टाकायला उठले. मी टेबलाजवळ जाऊन ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला, गरम होतोय का ते बघायला. कोमट होता, असायला हवा तेवढाच.